हौशी गोल्फर व्हायचंय? आधी कार्ड नीट लिहा

येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर मी कॅडी आहे, खेळाडूंची बॅग उचलतो. हिंजवडीत नोकरी करून शनिवार-रविवारी खेळायला येणारी मंडळी मला हमखास विचारतात, ‘दादा, ड्रायव्हर (लांब मारायचा क्लब) कुठला घेऊ?’ ड्रायव्हर राहू द्या. हौशी म्हणून स्पर्धांत नाव काढायचं असेल, तर पहिलं काम पेन्सिलीचं आहे: स्कोअरकार्ड खरं लिहायचं.

१८ होलची तीन कार्डं जमली की हँडिकॅप मिळतो, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा तुम्हाला साधारण किती जास्त लागतात तो आकडा. पुढे शेवटच्या २० राउंडमधले सर्वांत चांगले ८ धरून सरासरी काढतात. एका राउंडचा आकडा असा निघतो: समजा तुम्ही ८५ फटके मारले, कोर्सचं रेटिंग (पट्टीच्या खेळाडूला लागणारे फटके) ७१ आणि स्लोप (सामान्य खेळाडूला कोर्स किती जड जातो ते) १२५ आहे. ८५ मधून ७१ गेले, उरले १४. त्याला ११३ ने (हा प्रमाण स्लोप) गुणा, १२५ ने भागा. आले १२.७. सोप्या कोर्सवर तेच ८५ मारले तर आकडा वाढतो. एखाद्या होलवर पुरती वाट लागली तरी घाबरू नका. पार ४ वर (चार फटके ठरलेल्या होलवर) तुम्हाला हँडिकॅपमुळे एक स्ट्रोक, म्हणजे फटका, जास्तीचा मिळत असेल, तर हँडिकॅपसाठी ७ च्या वर धरतच नाहीत. मग ९ चे ५ कशाला लिहायचे?

लिहितात पण! ‘अहो, हा तर गेल्यातच जमा’ म्हणत दोन फुटांचा पुट (होलजवळचा हलका फटका) न मारताच बॉल उचलून घेतात. असा ‘नऊचा हँडिकॅप’ स्ट्रोक प्लेच्या, म्हणजे प्रत्येक फटका मोजणाऱ्या, स्पर्धेत उतरला की ९५ मारतो आणि पुटची दिशा कॅडीनं चुकीची दिली म्हणतो. याउलट १९२५ च्या यूएस ओपनमध्ये अमेरिकेच्या हौशी बॉबी जोन्सनं, बॉल हलला म्हणून, स्वतःच स्वतःला एका फटक्याचा दंड लावला. बरोबरी झाली आणि प्ले-ऑफमध्ये तो हरला. पण हौशीच राहून त्यानं १९३० मध्ये चारही मोठ्या स्पर्धा एका वर्षात जिंकल्या.

सराव पुटिंगचा करा. पार ७२ मध्ये ३६ पुट धरलेलेच असतात, म्हणजे अर्धा खेळ ग्रीनवरच, होलभोवतीच्या बारीक गवतावर. हिवाळ्यात सकाळी लवकर या. ग्रीनवर दव असतं, बॉल गेला की रेघ उमटते. कुठे वळला, कुठे दमला, सगळं दिसतं. फक्त दवात बॉल हळू जातो, ऊन चढल्यावर तेवढाच जोर लावू नका. पावसाळ्यातही सुट्टी नको. फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) बॉल घरंगळत नाही, त्यामुळे आपला खरा पल्ला तेव्हाच कळतो. लोहगावहून सुखोई विमान उडालं तर मात्र थांबा. त्या आवाजात पुट मारून उपयोग नाही.

बक्षिसाचं ध्यानात ठेवा. स्पर्धेत हजार डॉलरपेक्षा मोठं बक्षीस घेतलं की हौशी दर्जा जातो. आणि हौशी म्हणजे कच्चा असं समजू नका. १९६५ ची इंडियन ओपन बिल्लू सेठींनी हौशी असताना जिंकली, व्यावसायिकांना मागं टाकून.

पहिल्या स्पर्धेत बॅगेत क्लब १४ पेक्षा जास्त नाहीत ना, मोजून घ्या. टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मारलेला बॉल झाडीत हरवेल असं वाटलं, तर पुढं जाण्याआधी तोंडानं ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता बॉल) म्हणा आणि दुसरा मारा. न बोलता मारलात तर तोच खेळातला बॉल ठरतो, वर दंड. पहिला शोधायला तीन मिनिटं मिळतात. मी पळत पुढं जातोच, तुम्हीही पाय उचला.