रोजच्या वापरातील गाडीला सुपरचार्जर बसवताना या चुका टाळा

गोव्यात बारा महिने रोज चालणाऱ्या गाडीला सुपरचार्जर (इंजिनच्या बेल्टवर फिरून आत जास्त हवा दाबणारे यंत्र) बसवताना सर्वांत मोठी चूक होते ती ट्यूनिंगची वेळ निवडताना. डिसेंबरच्या थंड सकाळी, मोकळ्या रस्त्यावर, टाकीत उत्तम पेट्रोल असताना गाडी कशी पळते हे पाहून मॅप (किती इंधन आणि केव्हा ठिणगी, हे ठरवणारा इंजिनच्या संगणकातला तक्ता) पक्का केला जातो. पुढे तीच गाडी मे महिन्यात भर दुपारी एसी लावून पर्वरीच्या कोंडीत अडकते, जुलैत पाणी साचलेल्या रस्त्यातून वाट काढते आणि चतुर्थीला घरची पाच माणसे व सामान घेऊन घाट चढते. बिघाड तेव्हा डोके वर काढतात. त्यामुळे बूस्ट (हवेचा वाढीव दाब), इंधन, प्रज्वलन आणि कूलिंग या प्रत्येक बाबतीतला निर्णय वर्षातला सर्वांत अवघड दिवस डोळ्यांपुढे ठेवूनच घ्यावा.

कामाला हात घालण्यापूर्वी कायद्याची बाजू तपासावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गॅरेजवाला ‘सगळेच करतात’ म्हणाला, तरी वाहतूक खात्याकडे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीला बदल कळवून तो पॉलिसीवर नोंदवून घ्यावा. न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो. परवानगी मिळत नसेल, तर रोजच्या गाडीवर हे काम करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उष्णतेचा हिशेब न करणे

हवा दाबली की तापते, आणि सुपरचार्जरचे बहुतेक दुखणे येथूनच सुरू होते. बाहेर ३३ अंश तापमान असताना ६ पीएसआय (दाबाचे एकक) बूस्ट दिला आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास असली, तर बाहेर पडणारी हवा साधारण ८५ अंशांपर्यंत तापते. फिल्टर बॉनेटखालची ५५ अंशांची हवा ओढत असेल, तर हाच आकडा ११० अंशांच्या वर जातो. म्हणजे फिल्टरची जागा चुकली, की बूस्ट न वाढवताही इंजिन नॉकिंगच्या, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याच्या, उंबरठ्यावर येते. ‘बूस्ट कमी आहे, इंटरकूलर कशाला?’ हा दाबलेली हवा थंड करणारा भाग टाळण्याचा युक्तिवाद थंड प्रदेशात कदाचित चालेल, कोकणपट्टीत चालत नाही.

इंटरकूलर बसवतानाही एक चूक हमखास होते. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यापुढे मोठा इंटरकूलर उभा केला, की मागच्या दोघांना हवा कमी मिळते. सिग्नलवर एसी थंड करेनासा होतो आणि तापमानाचा काटा वर सरकू लागतो. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण जागा होत नाही म्हणून काढून टाकू नये, कारण थांबलेल्या गाडीत पंख्याची हवा पूर्ण रेडिएटरवर त्याच्यामुळेच खेचली जाते. पाण्याने थंड होणारा इंटरकूलर असेल, तर त्याचा स्वतंत्र विद्युत पंप बंद पडल्याचे डॅशबोर्डवर सहसा कळत नाही. इंजिन थंड असताना त्या पाण्याच्या टाकीचे झाकण उघडावे आणि पंप चालू करून आत पाणी फिरते का, हे महिन्यातून एकदा डोळ्यांनी पाहावे.

सुपरचार्जरचा प्रकारही येथे महत्त्वाचा ठरतो. रूट्स आणि ट्विन-स्क्रू प्रकार कमी आरपीएमपासूनच बूस्ट देतात, तर सेंट्रिफ्युगल प्रकारात बूस्ट आरपीएमबरोबर चढत जातो. कोंडीत हळू चालणाऱ्या गाडीसाठी मी लहान सेंट्रिफ्युगल, ५ ते ६ पीएसआय आणि इंटरकूलर हीच जोडी निवडेन.

मिश्रण मूळ सेन्सरच्या भरवशावर सोडणे

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. २० टक्के इथेनॉल असलेल्या ई२० साठी हे प्रमाण साधारण १३.५ आहे. ई२० पूर्वीच्या गाडीत सुपरचार्जरमुळे वाढलेली हवा आणि इंधनातला हा बदल एकत्र धरला, तर ६ पीएसआयला इंजेक्टरकडून मूळच्या तुलनेत ४० ते ५० टक्के जास्त इंधन मागितले जाते. मूळ इंजेक्टर आणि पंप हे पुरवू शकत नाहीत, तेव्हा मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि पिस्टन जळण्याची वेळ येते. सामान्य वेगात ऑक्सिजन सेन्सर मिश्रण दुरुस्त करत असल्यामुळे गाडी अगदी निरोगी वाटते, परंतु पूर्ण भारावर ईसीयू (इंजिनचा संगणक) ती दुरुस्ती सहसा थांबवतो आणि केवळ मॅपवर चालतो. त्यामुळे मिश्रण अचूक मोजणारा वाइडबँड सेन्सर बसवून लॅम्डा (१ म्हणजे नेमके मिश्रण, त्याहून कमी म्हणजे इंधन जास्त) पाहावा. पूर्ण बूस्टवर तो ०.८० ते ०.८५ च्या आसपास असावा.

मॅप कमी ऑक्टेनच्या (नॉकिंग कमी सोसणाऱ्या) साध्या पेट्रोलवरही सुरक्षित राहील असाच करून घ्यावा, कारण सत्तरी किंवा काणकोणात ऐनवेळी जास्त ऑक्टेनचे पेट्रोल मिळेलच, अशी खात्री धरता येत नाही. चोर्ला घाटात वरच्या गिअरमध्ये भार टाकल्यावर खडखड ऐकू आली, तर तत्काळ पाय सैल करावा. नंतर प्लग काढून टॉर्चच्या उजेडात मधल्या इलेक्ट्रोडभोवतीची पांढरी चिनी माती पाहावी. तिच्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके किंवा चकाकणारे रुपेरी कण दिसले, तर नॉकिंग सुरू झाले आहे, आणि रुपेरी कण हे पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे. अशा वेळी ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटलीवर विसंबू नये. बूस्ट कमी करावा, टायमिंग मागे घ्यावे (ठिणगी थोडी उशिरा पाडावी) आणि हवेचे तापमान तपासावे. खडखड नसताना केवळ बूस्टवर गाडी झटके देत असेल, तर एक श्रेणी थंड (उष्णता लवकर सोडणारा) प्लग लावून गॅप ०.७ मिलिमीटरच्या आसपास आणल्याने अनेकदा काम भागते.

पावसाळा विसरणे

थंड हवा मिळावी म्हणून फिल्टर बंपरच्या खालच्या कोपऱ्यात नेण्याची पद्धत गोव्यात धोकादायक आहे. पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर ते दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. फिल्टर हेडलाइटच्या उंचीवर, बॉनेटच्या उष्णतेपासून आडोसा करून ठेवावा. गाडी पाण्यात बंद पडली, तर पुन्हा चावी फिरवू नये. प्लग काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय स्टार्टर लावणे म्हणजे इंजिन गमावणे होय. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत खारी हवा इंटरकूलरच्या पातळ पट्ट्या आणि सेन्सरच्या जोडण्या खाते, तेव्हा पावसापूर्वी जोडण्या उघडून स्वच्छ कराव्यात.

बूस्ट घटल्यास कारण काट्यावरूनच शोधता येते. सर्वच आरपीएमला तो कमी असेल आणि सूं असा आवाज येत असेल, तर पाइप किंवा क्लॅम्प सुटलेला असतो. खालच्या आरपीएमला ठीक आणि वर जाताना घटत असेल, तर बेल्ट घसरतो आहे किंवा तांबड्या धुळीने फिल्टर भरला आहे. पुलीजवळ काळी रबरी भुकटी आणि चकचकीत झालेला बेल्ट दिसला की संशय फिटतो. बूस्ट नेहमीसारखा असूनही मायलेज अचानक पडले आणि हळू चालवतानाही हवा तापू लागली, तर हळू चालवताना बूस्ट सोडून देणाऱ्या बायपास व्हॉल्व्हची व्हॅक्यूम नळी तडकली का, ते पाहावे. डिपस्टिकच्या तोंडाशी ताजे ऑइल दिसू लागले, तर बूस्टचा दाब पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (इंजिनच्या पोटातले वायू बाहेर काढणाऱ्या झडपेतून) उलटा क्रँककेसमध्ये जातो आहे. तेथे एकदिशा झडप बसवली नाही, तर पुढची पाळी ऑइल सीलची.

बेल्ट पुलीच्या रेषेत आहे की नाही, हे पहिल्या काही दिवसांत इंजिन थंड असताना पुन्हा तपासावे, कारण नवा बेल्ट ताणला जाऊन टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीची) जागा बदलते. अनेक किटमध्ये सुपरचार्जरचाच बेल्ट अल्टरनेटर आणि वॉटर पंपही फिरवतो. अशा गाडीत अनमोड घाटात बेल्ट तुटला, तर चार्जिंग आणि कूलिंग दोन्ही एकदम थांबतात, म्हणून त्याच मापाचा नवा बेल्ट, टेन्शनर सैल करणारा पाना आणि बेल्ट कोणत्या पुलीवरून कसा जातो याचा आराखडा कायम डिकीत ठेवावा.