माळरानावर कॅमेरा वाहण्यासाठी सॅक कशी निवडावी

सोलापूरच्या परिसरात छायाचित्रणासाठी फिरणाऱ्यांना कडे-घाट चढावे लागत नाहीत, पण चालावे पुष्कळ लागते. हिप्परग्याचा तलाव असो, उजनीच्या फुगवट्याचा काठ असो की नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवतालची माळराने असोत, ओझे पाठीवर घेऊन तासन्‌तास उघड्यावर वावरायचे असते आणि सॅक टेकवून बसावे असे सावलीचे झाडही हाताशी नसते. त्यामुळे कप्पे किती आणि किंमत किती हे प्रश्न मागे ठेवून, भरलेली सॅक आपल्या अंगावर कशी बसते याचा विचार आधी करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

सुरुवात घरच्या वजनकाट्यापासून करावी. पक्ष्यांसाठी वापरली जाणारी १५०-६०० मिमीची झूम लेन्स साधारण २ किलोची असते, कॅमेरा पाऊण किलोच्या आसपास, दुसरी लहान लेन्स अर्धा किलो, ट्रायपॉड दीड ते दोन किलो, आणि एप्रिल-मे महिन्यांत २ लिटर पाण्यावाचून माळावर जाणे शहाणपणाचे नाही. चांगल्या सॅकचे स्वतःचे वजनही दीड-दोन किलो भरते. हे सारे मिळून ओझे ९ किलोच्या घरात जाते, आणि एवढे वजन केवळ खांद्यांवर पेलले तर मान आखडते, हात जड होतात आणि ऐन वेळी कॅमेरा स्थिर धरता येत नाही.

म्हणून वजन कमरेवर उतरवणारा पट्टा ही सॅकची सर्वांत महत्त्वाची बाब होय. तो रुंद, फोम भरलेला आणि कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर घट्ट बसणारा असावा. नुसती पातळ नाडी असेल तर ती सॅक हलू देत नाही इतकेच, भार मात्र पेलत नाही. पट्टा योग्य जागी येण्यासाठी पाठीची लांबी जुळणे आवश्यक असते आणि ती आपल्या उंचीवरून ठरत नाही, कारण समान उंचीच्या दोन माणसांच्या पाठी कमी-अधिक लांबीच्या असू शकतात. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जो मणका ठळकपणे वर येतो, तेथून शिंप्याचा टेप पाठीच्या कण्यावरून खाली सोडावा. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवले असता मागे वळलेले अंगठे ज्या रेषेत येतात, तेथपर्यंतचे अंतर ही आपल्या पाठीची लांबी. हे माप दुसऱ्या कोणाकडून तरी घ्यावे. कॅमेऱ्याच्या अनेक सॅक एकाच मापात मिळतात, तेव्हा खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवता येणारी सॅक मिळाल्यास तिला प्राधान्य द्यावे.

दुकानात जाताना स्वतःचे सगळे साहित्य सोबत न्यावे. ते शक्य नसेल तर तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या बाटल्या तरी सॅकमध्ये भराव्यात, कारण रिकामी सॅक कोणाच्याही पाठीला सुखाचीच वाटते. आधी सर्व पट्टे सैल करावेत, मग कमरेचा पट्टा आवळावा, त्यानंतर खांद्याचे, आणि शेवटी छातीचा. आता खांद्याचे पट्टे थोडे सैल सोडून पाहावे. भार कमरेवरच राहिला तर सॅक मापाची आहे. ती लगेच खाली घसरली किंवा मागे ओढू लागली तर दुसरी पाहावी. पंधरा-वीस मिनिटे अंगावर ठेवून चालावे, जिना चढावा, उकिडवे बसून उठावे. ऑनलाइन मागवल्यास हीच परीक्षा परत करण्याच्या मुदतीत घरी घ्यावी.

सॅक कोणत्या बाजूने उघडते, याला आपल्या काळ्या मातीच्या मुलखात विशेष महत्त्व आहे. पुढून उघडणारी सॅक जमिनीवर ठेवताना पाठीकडची बाजू खाली येते, पट्टे चिखलात किंवा धुळीत माखतात आणि तीच माती पुन्हा अंगावर चढते. पाठीकडून उघडणाऱ्या सॅकमध्ये बाहेरची बाजू मळते, पट्टे कोरडे राहतात, शिवाय गर्दीच्या ठिकाणी, उदाहरणार्थ गड्ड्याच्या यात्रेत, मागून कोणी सहजासहजी चेन उघडू शकत नाही.

पाठीला हवा लागावी म्हणून जाळी हवीच, परंतु मोठ्या भोकांची सैल जाळी टाळावी. पावसाळ्यानंतर माळावरचे गवत वाळते तेव्हा त्याची कुसळे अशा जाळीत शिरतात, घामाने भिजलेल्या सदऱ्यातून पाठीला टोचतात, आणि उलट्या बारीक केसांमुळे ती ओढूनही लवकर निघत नाहीत. दाट विणीची जाळी आणि तिच्यामागे हवा खेळण्यासाठी खोल खाचा, ही रचना अधिक उपयोगी पडते. रंग खाकी किंवा फिकट राखी घ्यावा. काळा रंग उन्हात लवकर तापतो.

आतील जागा मोजताना लेन्स कॅमेऱ्याला जोडून, तिचे हूड, म्हणजे तोंडावर बसणारे ऊन अडवणारे कडे, उलटे बसवून मोजावी, कारण पक्षी समोर आल्यावर जोडाजोडीला वेळ मिळत नाही. वजनदार लेन्स पाठीलगत राहील असे कप्पे लावावेत आणि उरलेल्या पोकळीत लहानसा सोलापुरी टॉवेल घडी करून ठेवावा. सामान हलत नाही आणि घामही टिपता येतो. वारंवार लागणाऱ्या खिशांना मात्र वेल्क्रो नको. लपणात बसले असताना त्याचा चर्रकन होणारा आवाज पक्षी उडवून लावण्यास पुरेसा असतो.

पावसाचे आवरण सॅकसोबत मिळते का, ते पाहावे. मोटारसायकलवरून कच्च्या रस्त्याने जाताना तेच धुळीपासूनही राखण करते. शेवटी खांद्याचे पट्टे जेथे सॅकला जोडलेले असतात तेथील शिवण उलटून तपासावी. तेथे दुहेरी-तिहेरी टाके आणि आडवी बळकट शिवण असावी. चेनचा रनर किंवा बक्कल बॅगा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे बदलून मिळते, पण पट्टा मुळाशी उसवला तर फोमसकट जाड कापड शिवणारे यंत्र शोधत फिरावे लागते.