आकडा गावात नेण्याआधी

बीएस्सीच्या मुलांना सामाजिक प्रश्नावर काम द्यायचं म्हटलं की पहिल्यांदा पाणीच आठवतं. मलाही तेच आठवलं. फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक मिळू लागले, मी रसायनशास्त्र शिकवते, मग अवघड काय? नमुने घ्यायचे, तपासायचे, ग्रामसभेत सांगायचं. तुम्ही हे काम नव्याने घेत असाल तर आधी माझी चूक ऐका. ती अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

वर्धा, अमरावती, बुलढाणा या पट्ट्यात भूजलात नायट्रेट बऱ्याच ठिकाणी जास्त सापडतं. शेतातला युरिया, उकिरडे, संडासाचे शोषखड्डे, सगळं झिरपून खालीच जातं. आयएस 10500 या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. वस्तीवरच्या एका बोअरचं आमच्या टेस्ट किटवरचं रीडिंग आलं 18. मुलांनी कार्डशीटवर हिरव्या स्केचपेनने लिहिलं, ‘पिण्यायोग्य’. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत एका विद्यार्थिनीने ते वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या.

किटच्या डबीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की निकाल नायट्रोजनच्या रूपात आहे. म्हणजे 18 हा नायट्रेटचा आकडा नव्हताच, त्यातल्या फक्त नायट्रोजनचा होता. नायट्रेटचं वजन 62, त्यातल्या नायट्रोजनचं 14. भागलं की 4.43. त्याने 18 ला गुणा, जवळपास 80 येतात. मर्यादा 45, पाण्यात 80, आणि आम्ही वस्तीला सांगून आलो होतो की खुशाल प्या.

हे गणित अकरावीतलं पोर करेल. ते करायचं आहे, हेच आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. म्हणून पुन्हा सांगते. किटवर, प्रयोगशाळेच्या अहवालावर आणि तुमच्या स्वतःच्या तक्त्यात, तिन्ही ठिकाणी बघा: नायट्रेट की नायट्रेट-नायट्रोजन? नायट्रोजनमध्ये मोजलं असेल तर मर्यादा 45 नाही, साधारण 10 आहे. रकान्याच्या डोक्यावर पूर्ण शब्द लिहा. नुसतं ‘पीपीएम’ (म्हणजे लिटरला मिलिग्रॅम, पण कशाचे ते नाही) लिहिलेला तक्ता मी आता हातात घेत नाही.

तोच नमुना आम्ही सरकारी प्रयोगशाळेतही दिला होता. तो अहवाल तीन आठवड्यांनी आला तेव्हा चूक कळली. त्याची वाट पाहायला हवी होती. चूक कळल्यावर एका वरिष्ठांनी सांगितलं, ‘मॅडम, प्रोजेक्टचा रिपोर्ट सबमिट होऊ द्या, गावाचं नंतर बघू.’ असा सल्ला देणाऱ्याला मार्गदर्शक म्हणू नका.

दुसऱ्याच दिवशी आम्ही घरोघर गेलो. एका घरी तीन महिन्यांच्या बाळाला वरचं दूध सुरू होतं. त्याची आई आधी लांबच्या विहिरीवरून पाणी आणायची, आमचं कार्ड बघून तिने बोअरचं सुरू केलं होतं. वर ते उकळूनही घेत होती. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्याने कमी होऊ शकते. बाळ ठणठणीत होतं. मी दाराशीच मटकन खाली बसले. आजी म्हणाल्या, ‘मंग ते हिरव्यानं काहून लिवलं, बाई?’

घाबरवायला हे सांगत नाही. चूक कबूल केली म्हणून गावाने आम्हाला हाकललं नाही. आशाताईंनी तान्ह्या बाळांची घरं दाखवली, त्या स्वतः सोबत फिरल्या. त्यांच्यावाचून त्या दिवशी आमचं कुणी ऐकलं नसतं. ग्रामपंचायतीला अहवाल जोडून लेखी निवेदन दिलं आणि पोच घेतली. पोच घ्यायला मुलांना शिकवा, तोंडी सांगितलेलं कागदावर राहत नाही.

आणि पहिल्या भेटीत किट नेऊच नका. मुलांना दिवसभर जलसुरक्षकाबरोबर, म्हणजे गावाचं पाणी सांभाळणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाबरोबर, फिरू द्या. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कधी संपते, टाकीत ती किती टाकतात, पाण्यात क्लोरीन उरलंय का हे बघणारी ओटी टेस्ट कोण करतं, कोणती बाई कुठून पाणी भरते आणि का, हे त्याला ठाऊक असतं. घरी बसून गूगल फॉर्म फिरवला तर यातलं काहीही हाती लागत नाही. मागच्या बॅचचा रिपोर्ट नाव बदलून देणारी मुलंही भेटतील. त्यांना ओरडू नका, गावात न्या. बहुतेक जण बदलतात.

1 मेच्या ग्रामसभेत लाल अक्षरांतलं दुसरं कार्ड त्याच विद्यार्थिनीने वाचलं. मी वाचते म्हटलं होतं, तिने ऐकलं नाही. आवाज कापत होता, पण 18 चे 80 कसे झाले ते तिने फळ्यावर मांडून दाखवलं. मागे बसलेल्या एका काकांनी विचारलं, ‘संडासाचा खड्डा बोअरपासून किती लांब पायजे?’ उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं. सभा संपल्यावर मुलं टेप घेऊन वस्तीवर गेली. पहिल्याच घरी अंतर भरलं सहा मीटर. पुढच्या वर्षीचा प्रकल्प तिथूनच सुरू झाला.