पेटीतले कागद आधी जुळवावेत: नागपूर जिल्ह्यातील माजी सैनिकांसाठी तयारीची यादी

सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या घरी एक काळी लोखंडी पेटी असतेच. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात सेवा क्रमांक, हुद्दा आणि नाव लिहिलेले असते, आणि आत गणवेशाखाली कागद ठेवलेले असतात. राज्य शासनाच्या कोणत्याही सवलतीची तयारी या पेटीपासून करावी. डिस्चार्ज बुक म्हणजे सेवामुक्तीची पुस्तिका, निवृत्तिवेतनाचा आदेश म्हणजे पीपीओ, स्वतःचे व पत्नीचे आधार, पॅन, बँकेचे पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले हे सर्व बाहेर काढून सतरंजीवर शेजारी शेजारी मांडावे. त्यानंतर पेन्सिल हाती घेऊन प्रत्येक कागदावरील नाव, नावाचा क्रम, स्पेलिंग आणि जन्मतारीख तंतोतंत तीच आहे का, एवढेच तपासावे. योजनांची माहिती गोळा करण्यापेक्षा हे काम आधी करावे, कारण माझ्या पाहण्यातले बहुतेक अर्ज अपात्रतेमुळे नव्हे, तर नाव न जुळल्यामुळे परत आलेले आहेत.

आपल्याकडे हा घोळ अधिक होण्यास कारण आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते. भरतीच्या वेळी त्यातील वडिलांचे नाव गळते किंवा तेच आडनाव समजले जाते. आधारवर पुन्हा तिसराच क्रम येतो. त्यात वानखडे आणि वानखेडे ही दोन्ही आडनावे आपल्या भागात प्रचलित असल्याने इंग्रजी स्पेलिंगमधील एका अक्षराने माणूस दुसराच ठरतो. पत्नीच्या बाबतीत अडचण दुप्पट असते, कारण विवाहाची नोंद पलटणीत ज्या नावाने झाली ते नाव, माहेरचे नाव आणि गावात रूढ झालेले नाव अशी तिची तीन नावे कागदोपत्री नांदत असतात. माझ्या डिस्चार्ज बुकात पत्नीचे नाव ‘शोभा’ आहे आणि तिच्या आधारवर ‘शोभाबाई’. या दोन अक्षरांपायी एका कार्यालयातून माझा अर्ज दोनदा परत आला आणि दुरुस्ती होईपर्यंत अकरा महिने गेले.

दुरुस्ती नेमकी कोठे होते, हे नीट समजून घ्यावे. सेवेतील मूळ नोंद जिल्ह्यात नसते. ती आपापल्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे रेजिमेंटच्या किंवा दलाच्या अभिलेख कार्यालयात असते. महार रेजिमेंटच्या जवानाची नोंद सागरला, मराठा लाइट इन्फन्ट्रीची बेळगावला, तोफखान्याची नाशिक रोडला, सिग्नल्सची जबलपूरला, बॉम्बे सॅपर्सची खडकीला, आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्सची आपल्या शेजारीच कामठीला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि ओळखीचे पुरावे तेथे पाठवावे लागतात; तेथे नोंद बदलली की त्याआधारे पीपीओची दुरुस्ती होते. जे अजून सेवेत आहेत त्यांनी हेच काम युनिटमधून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे वैयक्तिक व कौटुंबिक नोंदींतील बदलाचा आदेश, काढून निवृत्तीपूर्वीच उरकावे, कारण तेथे एका अर्जात होणारी गोष्ट घरी आल्यावर कित्येक महिने घेते. आधार बदलून सेवेच्या नोंदीशी जुळवायचे की सेवेची नोंद बदलायची, याचा निर्णय आधी घ्यावा. शक्य असेल तेथे आधारच बदलावे, असे माझे मत आहे.

नावे जुळली की दुसरे काम म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील नोंदणी आणि ओळखपत्र. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुण्याला असले तरी आपला संबंध जिल्हा कार्यालयाशीच येतो. पेन्शन सुरू झाली म्हणजे आपली नोंद आपोआप झाली, असा समज खेड्यापाड्यांत अजून आहे, तो खरा नाही. डिस्चार्ज बुकाच्या सर्व पानांच्या छायाप्रती न्याव्यात, केवळ पहिल्या पानाची नव्हे. कुटुंबाच्या नोंदी आतल्या पानांवर असतात आणि नेमक्या त्याच मागितल्या जातात. मूळ प्रत सोबत ठेवावी, परंतु ती कोणाच्याही टेबलावर सोडून येऊ नये. काटोल, उमरेड किंवा रामटेककडून एसटीने येणाऱ्यांनी दिवस निवडताना डिसेंबर टाळावा, कारण हिवाळी अधिवेशनाच्या काळात सिव्हिल लाइन्स परिसरातील रस्ते बंदोबस्तासाठी अडवलेले असतात आणि शासकीय कर्मचारीही त्याच धावपळीत असतात.

राज्याच्या सवलतींपैकी शहरात सर्वाधिक विचारली जाणारी सवलत मालमत्ता कराची आहे. २०२० मध्ये लागू झालेल्या बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक व सैनिक विधवा सन्मान योजनेनुसार माजी सैनिकाला किंवा सैनिकाच्या विधवेला एका घरापुरती करमाफी मिळते, शहरात महानगरपालिकेकडून आणि गावात ग्रामपंचायतीकडून. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र, महाराष्ट्रातील अधिवासाचा पुरावा आणि चालू कराची पावती अशी जुळवाजुळव करून आपल्या झोन कार्यालयात अर्ज द्यावा. नागपूर महानगरपालिकेची दहा झोन कार्यालये असून आपले घर धंतोलीत मोडते की हनुमाननगरात, हे कर देयकावरच छापलेले असते. खरी अडचण घराच्या मालकीची असते. जुन्या वस्त्यांतील अनेक घरे अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहेत, आणि भावांमध्ये वाटणी झालेली नाही. अशा वेळी आधी वारस नोंद आणि नामांतरण करून घ्यावे. जमिनीचे प्रकरण निस्तरेपर्यंत कर थकवून ठेवण्याचा सल्ला काही मंडळी देतात, तो ऐकू नये.

नोकरीच्या बाबतीत राज्य शासनाच्या गट क आणि गट ड पदांमध्ये माजी सैनिकांसाठी १५ टक्के जागा आहेत. हे समांतर आरक्षण असल्याने उमेदवार आपल्या सामाजिक प्रवर्गातच मोजला जातो. म्हणून अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील माजी सैनिकाने डिस्चार्ज बुकावर विसंबून न राहता जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र जाहिरात निघण्यापूर्वीच तयार ठेवावे. वैधता प्रमाणपत्रासाठी आजोबा-पणजोबांच्या काळातील महसुली किंवा शाळेच्या नोंदी लागतात, आणि अंतिम तारीख आठवड्यावर आली असता त्या मिळत नाहीत. वयोमर्यादेत सेवेचा कालावधी आणि वर ३ वर्षे अशी सूट मिळते. मात्र त्यासाठी भरती व मुक्ततेच्या तारखा अर्जात डिस्चार्ज बुकाप्रमाणेच भराव्यात. सुरक्षा रक्षकासारखे काम हवे असणाऱ्यांनी पुण्यातील महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाकडे, म्हणजे मेस्कोकडे, स्वतंत्र नोंदणी करावी.

मुलांच्या शिक्षणासाठी सैनिकी मुलामुलींचे वसतिगृह आहे. प्रवेशासाठी निकाल लागताच धाव घ्यावी. याच जिल्हा कार्यालयातून केंद्रीय सैनिक बोर्डाचे अर्जही तपासून पुढे जातात, म्हणून पैसा केंद्राचा असला तरी तयारी येथेच करावी लागते. हवालदार व त्याखालील हुद्द्यांसाठी दोन मुलांपर्यंत शिक्षण अनुदान मिळते. मुलीच्या विवाहाच्या अनुदानाचा अर्ज लग्नानंतर १८० दिवसांच्या आत करावा लागतो, तेव्हा लग्नाची धामधूम संपताच विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढावे, पत्रिका जपून ठेवून भागत नाही. पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षे पूर्ण केलेल्या त्याच हुद्द्यांतील माजी सैनिकांना दरमहा निर्वाह अनुदान आहे, आणि ज्यांना याची सर्वाधिक गरज असते तेच म्हातारे या कार्यालयाची पायरी कधी चढत नाहीत. आपल्या गावात असा कोणी असेल तर त्याला सोबत घेऊन जावे. पंतप्रधान शिष्यवृत्ती व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेतलेल्यांसाठी असून मुलांना दरमहा २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये मिळतात. बारावीला किंवा संबंधित पात्रता परीक्षेला किमान ६० टक्के हवेत.

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डावरील पत्त्याची व अवलंबितांची नोंद, आणि स्पर्श या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीतील वार्षिक हयातीचा दाखला, या दोन बाबी वर्षातून एकदा तपासल्या तरी पुरे.

सर्वांत मागे पडणारी तयारी पत्नीची असते. बँकेतील खाते संयुक्त असावे. पीपीओत तिचे नाव व जन्मतारीख आहे का, हे तिला स्वतः वाचता आले पाहिजे. आमच्या ओळखीतल्या एका घरी पती गेल्यानंतर पीपीओ सापडत नव्हता. तो देवघरातील पोथीच्या वेष्टनात निघाला. म्हणून एका कोऱ्या कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत सेवा क्रमांक, हुद्दा, पीपीओ क्रमांक, रेकॉर्ड ऑफिसचा पूर्ण पत्ता, बँकेची शाखा, ईसीएचएस कार्डाचा क्रमांक आणि मृत्यू झाल्यास प्रथम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवावे ही सूचना लिहावी, तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा, आणि पेटीच्या कुलपाची दुसरी किल्ली तिच्याकडे द्यावी.