अमेरिकेतली दहावी आणि कॉलेजची तयारी : या चुका टाळा

महाराष्ट्रात दहावी म्हणजे बोर्ड, क्लास आणि घरात टीव्हीला कुलूप. अमेरिकेतल्या दहावीला, म्हणजे सोफमोर वर्षाला, असलं काहीच नसतं. त्यामुळे तिथल्या मराठी घरांत एकतर ‘अजून दोन वर्षं आहेत’ म्हणून कोणी लक्ष घालत नाही, नाहीतर सप्टेंबरातच एसएटीचा, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेचा, क्लास लागतो. या वर्षाची खरी कामं दोन: अकरावीचे विषय आणि पैशांचा हिशोब. दोन्हींची आठवण शाळा करून देईलच असं नाही.

विषयांचा फॉर्म मुलावर सोडणे

पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म बहुतेक शाळांत जानेवारी ते मार्चमध्ये येतो आणि मुलं तो मित्रांचं बघून भरतात. इथे सगळ्यात आधी गणित अडकतं. बहुतेक शाळांत क्रम ठरलेला आहे: अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. दहावीत जॉमेट्री असेल तर अकरावीत अल्जिब्रा २ आणि बारावीत प्रीकॅल्क्युलस. कॅल्क्युलसची पाळीच येत नाही. इंजिनिअरिंगला जाणाऱ्याचं हे बारावीत लक्षात आलं तर काही करता येत नाही. दहावीत असतानाच दिसलं तर सुट्टीत एक पायरी उरकता येते, किंवा शाळा परवानगी देत असेल तर अकरावीत दोन गणितं एकत्र घेता येतात. सुट्टीतला कोर्स शाळा ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रिकेवर) चढवणार का, हे पैसे भरण्याआधी शाळेतल्या मार्गदर्शकाकडून, म्हणजे काउन्सेलरकडून, लेखी घ्या.

एका कागदावर इंग्रजी, गणित, सायन्स, सोशल स्टडीज आणि परकीय भाषा अशा पाच ओळी आणि नववी ते बारावी असे चार रकाने आखा. प्रत्येक एपीखाली (शाळेत शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय) त्याआधी कोणता विषय झालेला हवा ते लिहा. लहान शाळेत एखाद्या एपीचा एकच वर्ग भरतो आणि दोन हवे ते विषय एकाच पीरियडला येतात. फॉर्मवर पर्याय लिहिला नसेल तर शाळा मिळेल तो विषय चिकटवते. स्पॅनिश दोन वर्षांनी सोडायची घाईही नको: युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला भाषेची दोन वर्षं लागतात, पण ते तीन सुचवतात.

दहावीतच एपीचा ढीग

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचाच हिशोब बघा. जीपीएमध्ये, म्हणजे गुणांच्या सरासरीत, नववीनंतरच्या सुट्टीपासून अकरावीनंतरच्या सुट्टीपर्यंतचेच ठरावीक विषय धरतात. ऑनर्स (वरच्या पातळीचा वर्ग) किंवा एपीचा जादा गुण जास्तीत जास्त ८ सेमिस्टरांना, म्हणजे सहामाहींना, मिळतो आणि त्यातली दहावीतली ४ च चालतात. दहावीत तीन एपी घेतले की ६ सेमिस्टर होतात, त्यातल्या दोन सेमिस्टरांना जादा गुण नाही. त्या जागी झोप मिळाली असती, किंवा साध्या वर्गात ‘ए’. शिवाय ‘डी’ मिळाला तर तो विषय प्रवेशासाठी पूर्ण झालाच नाही असं धरतात. बहुतेकदा सुट्टीत तो पुन्हा करून ‘सी’ किंवा वर आणावा लागतो.

पीएसएटीचा एकूण आकडा बघून फाइल बंद

दहावीतली पीएसएटी, म्हणजे एसएटीची पूर्वपरीक्षा, सरावाची. नॅशनल मेरिट या स्कॉलरशिपसाठी अकरावीतल्या ऑक्टोबरची धरतात. तिथे एकूण गुण नाही, सिलेक्शन इंडेक्स बघतात: रीडिंग-रायटिंगचे, म्हणजे इंग्रजीचे, गुण दुप्पट करायचे, त्यात गणिताचे मिळवायचे आणि १० ने भागायचं. गणित ७००, इंग्रजी ६०० असेल तर इंडेक्स १९०. गणित ६००, इंग्रजी ७०० असेल तर २००. एकूण दोन्हीकडे १३०० च. आपल्या घरांत जादा शिकवणी मात्र गणिताचीच लागते!

एसएटी अल्जिब्रा २ संपल्यावर द्या. ‘सहज देऊन बघू’ म्हणून लवकर दिलेली परीक्षाही सगळीकडे लपवता येत नाही; जॉर्जटाउनसारखी युनिव्हर्सिटी सगळ्या प्रयत्नांचे गुण मागते.

पैशांचं वर्ष न ओळखणे

ही सगळ्यात महाग चूक. सरकारी मदतीचा फॉर्म, फाफ्सा, बारावीत भरतात, पण त्यात उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं लागतं. २०२८ च्या शरदात कॉलेज सुरू करणाऱ्यासाठी २०२६ चा टॅक्स रिटर्न. म्हणजे दहावीतल्या १ जानेवारीपासून अकरावीतल्या ३१ डिसेंबरपर्यंतचं उत्पन्न. या वर्षात कंपनीचे शेअर विकले किंवा पुण्यातला फ्लॅट विकून नफा झाला, तर तो अमेरिकन रिटर्नमध्ये येतो आणि उत्पन्न फुगतं. विक्री मागेपुढे करता येत असेल तर टॅक्सवाल्याशी आधी बोला. राहतं घर फाफ्सात धरत नाहीत, पण तुमच्या नावावरचा भारतातला दुसरा फ्लॅट मालमत्ता म्हणून दाखवावा लागतो.

मुलाच्या नावावरचं यूटीएमए खातंही (मूल सज्ञान होईपर्यंत मोठ्यांनी सांभाळायचं) तपासा. मुलाच्या पैशांतले २० टक्के कॉलेजसाठी उपलब्ध धरतात, पालकांच्या पैशांतले जास्तीत जास्त ५.६४ टक्के. २०,००० डॉलरवर हा फरक ४,००० आणि १,१२८ असा पडतो. तेच पैसे कस्टोडियल ५२९ मध्ये (मुलाच्या मालकीचं कॉलेजसाठीचं बचत खातं) वळवले तर ते पालकांच्या रकान्यात जातात. वळवताना शेअर विकावे लागले तर नफ्यावर कर बसतो, म्हणून हेही त्या जानेवारीआधी.

मूल एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असेल तर फाफ्साची मदत मिळतच नाही, आणि अनेक खासगी कॉलेजं मदतीसाठी त्याला परदेशी विद्यार्थी समजतात. इन-स्टेट फी (राज्याच्या रहिवाशांसाठीची कमी फी) मिळेल का हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर राज्याप्रमाणे बदलतं. म्हणून कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला आणि एड (आर्थिक मदत) ऑफिसला वेगवेगळं विचारा. २१ व्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे कॉलेजच्या मध्यावर एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची सोय लागेल. नॅशनल मेरिटलाही नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा निदान ग्रीन कार्डचा नाकारला न गेलेला अर्ज लागतो.

क्लबांची जंत्री

कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांसाठीच्या सामाईक अर्जात) उपक्रमांना १० जागा आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. आठ क्लबांत नाव असण्यापेक्षा मराठी शाळेत दर रविवारी लहान वर्गाला शिकवणं किंवा ढोल-ताशा पथकाचा सराव घेणं तिथे जास्त वजनदार दिसतं. आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे आत्तापासून एका शीटमध्ये मांडा, बारावीत ते आठवत नाहीत.

काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात. फॉर्म यायच्या आधी, डिसेंबरातच मेल करून वेळ घ्या आणि पाच ओळींचा तो कागद मेलला जोडा. मेल मुलालाच लिहू द्या, तुम्ही सीसीत राहा.