प्रत्येक ‘इंटेन्स’ला ‘तीव्र’ म्हणू नये

इंग्रजी मजकुरात ‘इंटेन्स’ दिसला की ‘तीव्र’ लिहून पुढे सरकावे, हा सल्ला अनुवाद शिकताना मला मिळाला होता आणि तो मी बरीच वर्षे पाळलाही, याची आता लाज वाटते.

आधी मूळ अर्थ ध्यानात घ्यावा. लॅटिनमधून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘ताणलेला’ असा आहे. आपले रोजचे ‘टेन्शन’ त्याच कुळातले, आणि ‘ताण’ही त्याचा दूरचा नातलग. त्यामुळे त्यात आकाराचा नव्हे, तर जोराचा भाव असतो.

मग विशेषण सोडून पुढच्या नामाकडे पाहावे. वेदना तीव्र असतात. पण ऊन रणरणते, थंडी कडाक्याची, प्रकाश प्रखर, वास उग्र, प्रेम उत्कट आणि सामना चुरशीचा असतो.

‘इंटेन्सिव्ह’ हा शब्द वेगळा ठेवावा. तो जाणीवपूर्वक, थोड्या काळात एकवटलेल्या प्रयत्नांविषयी बोलतो, म्हणून रुग्णालयातल्या ‘इंटेन्सिव्ह केअर’ला आपण अतिदक्षता म्हणतो. वेदना कधीच ‘इंटेन्सिव्ह’ नसते. ‘इंटेन्सिटी’चाही घोळ होतो, विशेषतः भूकंपाच्या बातमीत: ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाचा ६.२ हा ‘मॅग्निट्यूड’चा, म्हणजे भूकंपाच्या एकूण शक्तीचा, आकडा सगळीकडे एकच, पण ‘इंटेन्सिटी’ म्हणजे त्या त्या ठिकाणी जाणवलेला हादरा आणि झालेली पडझड असल्यामुळे ती गावागणिक बदलते. छापून मात्र येते, ‘६.२ तीव्रतेचा भूकंप’.

खरी कसोटी लागते ती हे विशेषण माणसाला लावले जाते तेव्हा. ‘ही इज व्हेरी इंटेन्स’ याचे भाषांतर मी एकदा ‘तो फार तापट आहे’ असे केले आणि एका शांत, अबोल वादकाला कागदावर भांडखोर करून ठेवले. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासात एवढेच लिहिले होते: “हा कोणावर चिडला?” त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण मूळ मजकुरात तो कोणावरच चिडलेला नव्हता.

अशा वेळी शब्दकोश फारसा उपयोगी पडत नाही, आणि यंत्राने सुचवलेला ‘तीव्र माणूस’ तर हाताळूच नये. तो माणूस त्या प्रसंगी काय करतो आहे, हे पाहावे. कामात बुडून गेला असेल तर ‘जे करतो त्यात स्वतःला झोकून देतो’ असे लिहावे. समोरच्याला अवघडवून टाकणारी त्याची नजर असेल तर ‘रोखून पाहतो’ म्हणावे. साध्या गप्पांतही गंभीर होत असेल तर ‘प्रत्येक गोष्ट जिवाला लावून घेतो’ हे पुरते. एका विशेषणाच्या जागी अख्खे वाक्य आले तर येऊ द्यावे. माझ्या मते एका शब्दाला एकच शब्द हा हट्टच अनुवाद बिघडवतो.

कथेतल्या संवादात मात्र एखादी कॉलेजातली मुलगी सिनेमा पाहून “कसला इंटेन्स होता ना!” म्हणत असेल, तर तिच्या तोंडी ‘उत्कट’ घालू नये, ‘इंटेन्स’ तसाच राहू द्यावा.