नकाशावर पुराचं पाणी चढवताना: स्विंगमधलं थरांवरचं चित्रकाम

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर गेलं की धोका. पावसाळ्यात कोल्हापुरात हे आकडे पोराटोरांनाही पाठ असतात. हीच पातळी डेस्कटॉपवरच्या नकाशात दाखवायची, तर जावा स्विंगमधलं (जावाच्या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीतलं) जेलेयर्डपेन सोयीचं; त्यात चित्रं एकावर एक थरांत ठेवता येतात. तळाला शहराचा नकाशा, त्यावर पंचगंगेचं पाणी, सगळ्यात वर सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरी या वस्त्यांच्या खुणा. तिन्हींसाठी जेपॅनेलवरून (स्विंगच्या साध्या कोऱ्या पॅनेलवरून) तीन वेगळे क्लास करा.

पहिली ठेच लागते ती पॅनेल जोडताना. ॲड मेथडला थराचा नंबर साधा इंट म्हणून दिलात, तर जावा त्याला थर न समजता जागेचा क्रम समजते. सगळी पॅनेलं शून्य थरात पडतात आणि नंतर जोडलेलं पाणी नकाशाखाली जाऊन बसतं. एरर काहीच येत नाही, म्हणून शोधत बसावं लागतं. नंबर इंटिजर ऑब्जेक्ट म्हणूनच द्या: नकाशाला ०, पाण्याला १००, खुणांना २००. एकाच थरात दोन पॅनेलं असतील तर शून्य क्रमांकाचं सगळ्यात वर दिसतं, हेही ध्यानात ठेवा.

जेलेयर्डपेनला स्वतःचा लेआउट मॅनेजर, म्हणजे आतल्या पॅनेलांची जागा-आकार ठरवणारा, नसतो. त्याचा सबक्लास करून डूलेआउट ओव्हरराइड करा आणि प्रत्येक पॅनेलला सेटबाउंड्सने पूर्ण रुंदी-उंची द्या. खिडकी ओढून मोठी केली तरी थर एकमेकांवर बरोबर बसतात. प्रिफर्ड साइझही द्या, नाहीतर पॅक केल्यावर (खिडकी आतल्या मजकुराच्या मापाची केल्यावर) खिडकीची नुसती पट्टी उरते.

आता पाणी. इथे घाई करू नका. पॅनेलला सेटओपेक फॉल्स, म्हणजे पॅनेल अपारदर्शक नाही असं सांगणं, हवंच. ते ट्रू ठेवून अर्धपारदर्शक रंग भरला, तर हा भाग पूर्ण झाकलेला आहे असं समजून स्विंग खालचा नकाशा पुन्हा काढतच नाही. मग पातळी बदलणारा स्लायडर हलवला की जुन्या चित्रावर नवा निळा चढत जातो आणि पाणी गडद होत होत डागाळतं. ओपेक फॉल्स केल्यावर पेंटकंपोनंटमध्ये (पॅनेलचं चित्र काढणाऱ्या मेथडमध्ये) आधी सुपरला बोलवा, ग्राफिक्सची क्रिएटने प्रत घ्या, अँटीएलियासिंग (कडा गुळगुळीत करणं) चालू करा, २५५ पैकी ९० अल्फाचा (अपारदर्शकतेचा) निळा भरा आणि शेवटी प्रत डिस्पोज करा. पातळी ३९ च्या वर गेली की रंग पिवळा, ४३ च्या वर लाल. पाण्याच्या काठाचे बिंदू पिक्सेलमध्ये साठवू नका. ० ते १ च्या प्रमाणात ठेवून काढताना रुंदी-उंचीने गुणा.

स्लायडर हलला की फक्त पाण्याच्या पॅनेलवर रिपेंट (पुन्हा काढायला सांगणं). गेटग्राफिक्स घेऊन बाहेरून काढलेलं चित्र पुढच्या रिपेंटला पुसलं जातं. बंधाऱ्याचा आकडा वेगळ्या थ्रेडवरून येत असेल तर तो इन्व्होकलेटरमधूनच (काम स्विंगच्या स्वतःच्या थ्रेडवर सोपवणाऱ्या मेथडमधूनच) पॅनेलपर्यंत पोचवा. नकाशाची फाइल पेंटकंपोनंटमध्ये वाचू नका. ती एकदाच वाचा, आकार बदलला तेव्हाच नव्याने स्केल करा आणि तीच तयार इमेज काढत राहा.

माउसचा घोळ उशिरा लक्षात येतो. वरच्या पॅनेलवर माउस लिसनर (माउसच्या हालचाली ऐकणारा कोड) नसेल तोवर क्लिक आपोआप खालच्या नकाशापर्यंत पोचतात. खुणांच्या पॅनेलला टूलटिप लावलीत की स्विंग गुपचूप लिसनर जोडतं आणि नकाशा क्लिकना दाद देईनासा होतो. उपाय सोपा आहे: खुणांच्या पॅनेलचं कंटेन्स (बिंदू पॅनेलच्या आत आहे का ते सांगणारी मेथड) ओव्हरराइड करा आणि बिंदू एखाद्या खुणेपासून ८ पिक्सेलांच्या आत असेल तरच ट्रू द्या. टूलटिप खुणेवरच दिसते, बाकीचे क्लिक खाली जातात.

नकाशाऐवजी साध्या जेपॅनेलवरच्या फॉर्मवर काही काढायचं असेल, तर पालक पॅनेलचं पेंट ओव्हरराइड करायच्या मोहात पडू नका. टेक्स्टफील्डचा कर्सर लुकलुकला की तेवढंच फील्ड रंगतं आणि त्यावरची तुमची रेघ गायब होते. त्यासाठी जावा ७ पासून जेलेयर आहे (पॅनेलला गुंडाळून त्याच्यावर चित्र काढू देणारा क्लास), ते वापरा.